कॅपिटल रिपेअर

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता. मी माझी राजदूत १७५ टेम्पोत घालून तिथे नेली. परीक्षक सज्जन होते, जाणकार होते. ते वाकून इंजिन ऐकत राहिले, मान डोलावली, आणि मग मागच्या कॅरिअरवर बोट ठेवून म्हणाले, "हे कंपनीचं नाही."

"नाही," मी म्हणालो. "हे गावच्या लोहारानं केलेलं आहे."

"काढून टाका. बाकी गाडी उत्तम आहे." आणि त्यांनी वहीत गुण कापले.

गुणांचं मला दुःख नाही. माझं भांडण त्या 'काढून टाका'शी आहे. जुनी वस्तू जपायची म्हणजे ती कारखान्यातून जशी निघाली तशी परत करायची, मधे गेलेली चाळीस वर्षं पुसायची, आणि मग तिला दोरीच्या आत उभी करायची, ही समजूत आता हौशी मंडळींपुरती राहिलेली नाही. ती बाजारात आहे, कायद्यात आहे, आणि पुढे सांगेन त्याप्रमाणे आपल्या घरातही आहे. मला ती चुकीची वाटते. ती चूक मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून जरा जोरात बोलतो.

आधी गाडीबद्दल. परदेशात 'ट्रेल मोटरसायकल' नावाचा एक प्रकार आहे: हलकी, लहान, टू-स्ट्रोक, रस्त्यावरही चालेल आणि रस्ता संपल्यावरही. यामाहानं १९६८ साली अमेरिकेत डीटी-१ विकायला काढली आणि हा प्रकार घरोघरी गेला. तिकडे लोक आजही गोठ्यांतून, गॅरेजांतून अशा गाड्या शोधून काढतात आणि उभ्या करतात. आपल्याकडे त्या काळात असं नाव लावून कोणी गाडी विकली नाही. विकायची गरजही नव्हती, कारण आपले रस्ते मुळातच ट्रेल होते. एस्कॉर्ट्सनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटरसायकलवरून राजदूत काढली. १७३ सीसी, एकच सिलिंडर, व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. दूधवाल्यांनी ती घेतली, मास्तरांनी घेतली, शेतकऱ्यांनी घेतली. तिला बांधावरून, मुरमावरून, पावसाळ्यात चिखलातून नेली. कोणी तिला साहसाचं वाहन म्हटलं नाही. 'बॉबी'मध्ये १९७३ साली ऋषी कपूरनं जी राजदूत चालवली ती जीटीएस, छोट्या चाकांची. तिच्या किमती आज हौशी लोकांत चढलेल्या असतात. साध्या १७५ ला सिनेमा मिळाला नाही. तिला दुधाचे कॅन मिळाले.

मी भिलाईच्या हुडकोत राहतो. कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. इथल्या माणसाला पोलंडच्या नकाशावरून आलेल्या यंत्राचं नवल वाटत नाही. आमचा अख्खा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली भट्टी पेटली. निवृत्तीनंतर मला अशी एक गाडी हवी होती. दुर्गहून बालोदकडे जाताना गुंडरदेही लागतं. त्याच्या अलीकडच्या एका गावात, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात ती सापडली. पैऱ्याच्या ढिगाला टेकून उभी होती. किक जाम. टायर मातीला चिकटलेले. कागद ऐंशीच्या दशकातले, मध्य प्रदेशचे. मागे लोखंडी सळ्यांचं जाडजूड, घराच्या जोत्यासारखं रुंद कॅरिअर. टाकीवर निळ्या रंगात, पेंटरच्या हातची अक्षरं: मानस मंडली, आणि खाली गावाचं नाव.

छत्तीसगडात गावोगावी मानस मंडळ्या असतात. रामचरितमानस गातात, त्यावर व्याख्यान करतात, एका गावची मंडळी दुसऱ्या गावच्या स्पर्धेला जाते. हा म्हातारा आपल्या मंडळीचा हार्मोनियमवाला. ते कॅरिअर पेटीच्या मापाचं होतं. पंचवीस वर्षं तो पेटी मागे बांधून आणि तबलजीला पेटीच्या पुढे कसाबसा बसवून रात्री-अपरात्री गावं फिरला. भाव ठरला, पैसे दिले, गाडी टेम्पोत चढवली. तेव्हा त्यानं विचारलं:

"साहब, एला चलाहू के सजा के राखहू?"

चालवणार की सजवून ठेवणार? मी म्हणालो, चालवणार. खोटं बोललो असं नाही. पण पुढच्या सहा महिन्यांत मी जे केलं त्यातलं अर्धं पहिल्या कामाचं होतं आणि अर्धं दुसऱ्या.

पहिलं काम आधी सांगतो, कारण तेच सांगण्यासारखं आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण थेट सिलिंडरात जात नाही. ते आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली आला की तिथे दाबलं जातं आणि मग बाजूच्या वाटेनं वर चढतं. म्हणजे क्रँककेस हा इंजिनाचा भाता आहे. भात्याला भोक असेल तर लोहाराचा विस्तव पेटत नाही, तसंच इथे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. गाडी वीस वर्षं उभी राहिली की ते वाळून दगड होतात. एका बाजूनं हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून सिलिंडरात अडकतो. दुसऱ्या बाजूनं गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. लोक म्हणतात, टू-स्ट्रोक आहे, धूर मारणारच. अहो, सील बदला!

पॉवर हाउसच्या बाजारात एक मिस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेले. त्यांनी इंजिन उघडण्याआधी प्लगच्या भोकातून डिझेल सोडून चार दिवस तसंच ठेवलं. घाई केली असती तर पिस्टनबरोबर कनेक्टिंग रॉडही वाकला असता. पिस्टन सुटला, सिलिंडरच्या भिंतीवर खोल चरे होते. सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालायचा ठरलं. बाजारात मिळालेला पहिला पिस्टन त्यांनी बोटांत फिरवून परत पाठवला: "रिंगची खाच बघा, एकसारखी नाही." बोअरिंग माझ्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त टर्नरनं स्वतः उभं राहून करून घेतलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो, बंगाली आहेत. पिस्टन आणि सिलिंडर यांतली फट किती असावी यावर त्यांचा आणि मिस्त्रींचा दोन संध्याकाळी वाद चालला. मी चहा आणत होतो. क्रँकचे बेरिंग नवे, दोन्ही सील नवे, प्लॅटिनम पॉइंट घासून त्यांची फट गेजनं लावली, कार्ब्युरेटरचं जेट तारेनं न खुपसता हवेनं साफ केलं, सायलेन्सरची आतली नळी काढून तिच्यातला पंचवीस वर्षांचा कोळसा जाळला. एका रविवारी हुडकोच्या अंगणात, पाचव्या किकला, ती बोलली.

आमच्या कारखान्यात यासाठी एक शब्द आहे: कॅपिटल रिपेअर. ब्लास्ट फर्नेसच्या आतलं विटांचं अस्तर काही वर्षांनी झिजतं. मग भट्टी थंड करतात, जुनं अस्तर पाडतात, नवं बांधतात, पाइप बदलतात, कूलर बदलतात, आणि भट्टी पुन्हा पेटवतात. पेटवतात, हे महत्त्वाचं. कोणी म्हणत नाही की विटा पहिल्या दिवशीच्याच हव्यात. कोणी म्हणत नाही की मधे लावलेला जास्तीचा पाइप 'ओरिजिनल' नाही, काढून टाका. भट्टी लोखंड देते का, एवढाच प्रश्न. दुरुस्तीचं माप काम आहे. हे मला तीस वर्षं ठाऊक होतं.

आणि तरीही मी दुसरं काम केलं. चित्रं बघत बसलो. चकचकीत गाड्या, आरशासारखा क्रोम, कारखान्याचा तो विशिष्ट रंग. मनात आलं, इंजिन इतकं छान झालंय, वर असा अवतार कशाला? टाकी आणि मडगार्ड एका शहरातल्या रिस्टोरेशनवाल्याकडे पाठवले. त्यानं काम उत्तम केलं, फसवलं नाही. सँडब्लास्ट, प्रायमर, तीन हात रंग, वर लॅकर. टाकी परत आली तेव्हा तिच्यात माझा चेहरा दिसत होता.

मग मी ती गाडी चालवत गुंडरदेहीच्या वाटेवर गेलो, म्हाताऱ्याला दाखवायला. तीस-पस्तीस किलोमीटर, एकदाही बंद पडली नाही. आवाज ऐकूनच तो बाहेर आला. खूश झाला. गाडीभोवती एक फेरी मारली. मग टाकीवर हात ठेवला, या बाजूनं, त्या बाजूनं, आणि विचारलं, "अऊ नाव?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या अक्षरांचा मी फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता.

त्या दिवसापासून मी 'रिस्टोरेशन' हा शब्द संशयानं ऐकतो. कारखान्यानं त्या गाडीला दिलेला रंग एकसारखा हजारो गाड्यांना दिला होता. ती अक्षरं एकाच गाडीवर होती. जे हजारो ठिकाणी होतं ते मी पैसे देऊन परत आणलं, आणि जे एकाच ठिकाणी होतं ते पैसे देऊनच घालवलं. याला जपणं म्हणतात? कॅरिअर वाचलं ते केवळ वेल्डिंग पक्कं होतं म्हणून आणि नंतर मला अक्कल आली म्हणून.

आता कायद्याकडे येतो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटरसायकलची ही फी पूर्वी ३०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून १,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटरसायकलींना २०२५ मध्ये ती २,००० झाली. दुसऱ्या टोकाला, जुलै २०२१ मध्ये केंद्रानं 'व्हिंटेज' गाड्यांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, मूळ रूपात हवी, चासी-इंजिनात मोठा फेरबदल नको. २०,००० रुपये भरले की 'व्हीए' अक्षरांची मानाची नंबर प्लेट मिळते, दहा वर्षांसाठी. अट एकच: ती नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

म्हणजे गाडी पंधराव्या वर्षी म्हातारी होते आणि पन्नासाव्या वर्षी पूज्य. मधली पस्तीस वर्षं ती संशयित. आणि पूज्य झाली की पहिली अट ही, की तिनं काम करू नये. देवळातली मूर्ती आणि भंगारातलं लोखंड, या दोन टोकांच्या मधे 'वापरातली जुनी वस्तू' नावाची जागाच या नियमांना सुचलेली नाही. खेड्यातला दूधवाला आपली चाळीस वर्षांची राजदूत दर आठवड्याला पाना लावून चालती ठेवतो. त्यानं ती बाकी कोणाहीपेक्षा जास्त जपली आहे. त्याला दर पाच वर्षांनी वाढती फी. ज्यानं ती हॉलमध्ये दिव्याखाली ठेवली, त्याला मानाची प्लेट.

इथे माझे वाचक म्हणतील, आणि योग्यच म्हणतील: टू-स्ट्रोक प्रदूषण करते. करते. हे मी लपवणार नाही, आणि 'पूर्वीच्या गाड्या काय दणकट होत्या' असं म्हणून उडवूनही लावणार नाही. या इंजिनात ताजं मिश्रण आत येताना जळलेला वायू बाहेर जाण्याची वाट उघडीच असते, त्यामुळे १५ ते ४० टक्के मिश्रण न जळताच निसटतं. शिवाय पेट्रोलात मिसळलेलं तेल. सील नवे केले, तेल मापानं घातलं तर दिसणारा धूर जवळजवळ जातो. पण न दिसणारा हायड्रोकार्बन हा इंजिनाच्या रचनेचाच दोष आहे, मिस्त्री कितीही चांगला असो. नियम बदलले, या गाड्या बनणं थांबलं, ते बरंच झालं. लाखो राजदूती रोज शहरात फिराव्यात असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या हवेत राहणाऱ्याला माझ्या आठवणींचा धूर हुंगायला लावण्याचा मला हक्क नाही.

पण मग मोजा ना! धूर मोजा, किलोमीटर मोजा. वय कशाला मोजता? प्रदूषण चाचणीत २००० सालाआधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतो. माझी गाडी त्यात बसते. मला विचाराल तर ही चाचणी सैल आहे, उभ्या गाडीची आहे. ती कडक करा, माझी हरकत नाही. जुन्या गाडीला वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटरची मर्यादा घाला, मोठ्या शहरात बंदी घाला. ही बंधनं मी आनंदानं पाळीन, कारण ती गाडीच्या कामाला लागू होतात. वर्षातून हजार किलोमीटर, तेही गावाच्या वाटेवर चालणारी नीट दुरुस्त केलेली गाडी आणि रोज शहरात फिरणारी बिघडलेली गाडी यांना एका वयाच्या काठीनं हाकणं हा आळस आहे.

दुसरा आक्षेप पोलादनगरीच्या माणसाला हमखास ऐकवला जातो: जुनं भंगार वितळवा, नवं पोलाद होईल. होईल. कन्व्हर्टरमध्ये आम्ही भंगार घालतच आलो. राजदूतमध्ये असून असून शंभर-सव्वाशे किलो माल. पण तिच्या जागी जी नवी गाडी येईल तिचंही पोलाद कुठल्या तरी भट्टीतूनच येणार, आणि भट्टीच्या वाटेनं एक टन पोलाद करताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका मोटरसायकलच्या हिशेबात ही रक्कम लहान आहे, मी ती फुगवून सांगत नाही. माझं म्हणणं इतकंच की 'नवं म्हणजे स्वच्छ' हे गणित मांडताना नव्याची चिमणीही मोजा. ती आमच्या घरांवरून दिसते.

तिसरं म्हणजे मिस्त्री. मेळाव्यातल्या गाड्यांना मिस्त्री वर्षातून एकदा लागतो. वापरातल्या गाड्यांना महिन्यातून एकदा. ज्या दिवशी जुन्या गाड्या फक्त दोरीच्या आत उभ्या राहतील, त्या दिवशी पॉवर हाउसच्या त्या दुकानात नवा पोरगा शिकायला बसणार नाही. रिंगची खाच बोटानं ओळखणं पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. कॅटलॉग राहतील, रंगाचे क्रमांक राहतील, आणि इंजिन कोणाला उघडता येणार नाही.

शेवटी घरातली गोष्ट, कबूल केल्याप्रमाणे. आम्ही भिलाईतले मराठी लोक मराठीचं नेमकं हेच करतो. नागपूर-भंडारा-गोंदियाकडून आलेल्या आजोबांची मराठी घरात चालायची. तिला हिंदीचं वेल्डिंग होतं, छत्तीसगडीचं कॅरिअर होतं, पण ती रोज भाजी आणायला जायची. आता गणपतीच्या दहा दिवसांत नातू स्टेजवर शुद्ध, पाठ केलेलं, पुण्याच्या रंगाचं मराठी बोलतो, आपण टाळ्या वाजवतो, आणि खाली उतरून तो हिंदीत पाणी मागतो. त्याच्या आजीनं 'मी बजार करून येतो' म्हटलं की आपणच हसतो: हे ओरिजिनल नाही, काढून टाका. वर्षातून एकदा रॅली, बाकी दिवस कापडाखाली. व्हीए प्लेट लावलेली भाषा. परीक्षकांवर रागावण्याआधी मला हे मान्य करावं लागलं.

तर माझी मागणी मोठी नाही. नियम करणाऱ्यांनी पंधरा आणि पन्नास यांच्या मधे एक जागा करावी: मोजून, मर्यादेत, पण रस्त्यावर. मेळावे भरवणाऱ्यांनी लोहाराच्या कामाला गुण कापू नयेत. निदान एक रकाना ठेवावा, ही गाडी गेल्या वर्षी किती चालली. आणि ज्यांनी कोठारातून अशी गाडी नुकतीच उचलली आहे, त्यांनी इंजिन आधी उघडावं, सील आधी बदलावे आणि रंगाच्या डब्याला सहा महिने हात लावू नये. तेवढ्या वेळात टाकीवर काय लिहिलं आहे ते नीट वाचून होतं.

त्या गावचा पेंटर अजून आहे. गेल्या महिन्यात मी गाडी घेऊन पुन्हा गेलो. त्याला विचारलं, ती अक्षरं परत काढून द्याल का. तो म्हणाला, आता हात हलतो. मी म्हणालो, हलू द्या. म्हातारा पेटीवाला शेजारी बसून मजकूर सांगत होता, जणू पेंटरला ठाऊकच नव्हता. 'मंडली'चा ड थोडा कलला आहे आणि निळा रंग लॅकरवर नीट धरत नाही, पावसाळ्यात बहुधा सुटेल. सुटला की पुन्हा जाईन. पस्तीस किलोमीटर तर आहे.